डिजिटल गेम आणि मालकीचे समाधान

डिजिटल गेम विकत घेणे म्हणजे ऑनलाइन दुकानात पैसे भरून तो गेम स्वतःच्या खात्यावर जमा करून घेणे. हातात काही येत नाही. खात्याच्या यादीत एका चित्राची भर पडते आणि गेम डाउनलोड करण्याची मुभा मिळते. संगणक, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेंडो स्विच अशा सगळ्याच यंत्रांवर ही रीत आता रुळली आहे. ती सोयीचीही आहे. दुकानापर्यंत जावे लागत नाही, डिस्कवर चरे पडत नाहीत, घर बदलले तरी खोकी उचलावी लागत नाहीत. तरीही खोक्यातला गेम घरी आणताना वाटणारे समाधान या खरेदीतून अनेकांना मिळत नाही. यादीत शंभर गेम असतात, पण जवळ काही आहे असे वाटत नाही. या उणिवेची कारणे बऱ्याच अंशी अभ्यासली गेली आहेत आणि ती भरून काढण्याचे उपायही दुकाने, गेम बनवणारे आणि खेळणारे अशा तिघांनी शोधले आहेत.

खोक्यापासून खात्यापर्यंत

घरगुती व्हिडिओ गेमच्या पहिल्या काही दशकांत गेम म्हणजे एक वस्तू होती. प्लॅस्टिकच्या कवचातले कार्ट्रिज यंत्राच्या खाचेत बसवले की गेम सुरू होई. १९९०च्या दशकात भारतात निन्टेंडोच्या यंत्राच्या स्वस्त नकला घरोघरी पोचल्या, तेव्हा या कार्ट्रिजला सगळे ‘कॅसेट’च म्हणत. सुट्टीत कॅसेटची अदलाबदल चाले. ज्याच्या हातात कॅसेट, त्याचा गेम, इतका हा हिशेब सरळ होता. पुढे सीडी आणि डीव्हीडी आल्या तरी त्यात फरक पडला नाही.

बदलाची सुरुवात १२ सप्टेंबर २००३ रोजी झाली. त्या दिवशी अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने स्टीम ही सेवा सुरू केली. कंपनीच्या स्वतःच्या गेममध्ये वेळोवेळी सुधारणा पोचवणे, हा तिचा मूळ हेतू. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ प्रसिद्ध झाला. तो दुकानातून डिस्कच्या रूपात घेतला, तरी स्टीमवर खाते उघडून त्याला जोडल्याशिवाय चालत नसे. डिस्क केवळ गेमची वाहक उरली आणि खेळण्याचा हक्क खात्यात गेला. पुढे एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ या यंत्रांनी स्वतःची ऑनलाइन दुकाने आणली. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ची एक आवृत्ती आणि एक्सबॉक्स सिरीज एस ही यंत्रे डिस्कच्या खाचेशिवायच विक्रीला आली.

या बदलाचा मोठा लाभही झाला. खोकी छापणे, भरणे आणि दुकानांत पोचवणे ज्यांना परवडले नसते, अशा लहान गटांना जगभरचे ग्राहक मिळाले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये जगापुढे आला तो याच वाटेने. त्यामुळे जुन्या खोक्यांकडे परत जाणे हे या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर होऊ शकत नाही.

विक्रीचा कायदेशीर अर्थ मात्र पालटला. छापील पुस्तक एकदा विकत घेतले की ते पुढे कोणालाही विकता येते, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्येच मान्य केले होते. डिजिटल गेमच्या बाबतीत ग्राहकाला मिळतो तो वापराचा परवाना. तो विकता येत नाही, बहुतेक करारांनुसार खाते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, आणि काही परिस्थितीत तो परतही घेतला जाऊ शकतो. मुंबईतल्या पागडीच्या खोलीची मालकी भाडेकरूकडे नसते, पण मालकाला त्याचा वाटा देऊन ती पुढे सोपवता येते. डिजिटल गेमच्या परवान्यात तेवढीही सोय नाही. मालकी दुसऱ्याची आणि वहिवाट आपली, अशी ही व्यवस्था आहे.

मालकीची भावना कशी तयार होते

कायद्याने मालक असणे आणि मनाने मालक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाड्याच्या घरावर जीव जडतो आणि विकत घेतलेली वस्तू माळ्यावर विसरली जाते. या मानसिक मालकीचा अभ्यास जॉन पिअर्स, तात्याना कोस्तोव्हा आणि कर्ट डर्क्स यांनी २००१ मध्ये नोकरदार माणसे आणि त्यांच्या संस्था यांच्या संदर्भात मांडला. त्यांच्या मते एखादी गोष्ट ‘माझी’ वाटण्याकडे तीन वाटा जातात. पहिली वाट नियंत्रणाची: ती गोष्ट हवी तेव्हा, हवी तशी वापरता येणे. दुसरी निकटच्या ओळखीची: तिचे कानेकोपरे माहीत असणे. तिसरी स्वतःची भर घालण्याची: वेळ, कष्ट आणि कल्पना तिच्यात ओतणे. हे तीन निकष डिजिटल गेमलाही चपखल लागू पडतात.

त्याआधी १९८८ मध्ये ग्राहकवर्तनाचे अभ्यासक रसेल बेल्क यांनी माणसाच्या वस्तू हा त्याच्या ‘स्व’चाच विस्तार असतो, असे प्रतिपादन केले होते. २०१३ मध्ये त्यांनी ही मांडणी डिजिटल जगाच्या संदर्भात पुन्हा तपासली. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेले कॉफीच्या मगांचे प्रयोग या विषयात नेहमी सांगितले जातात. ज्यांना मग देऊन टाकला होता, त्यांनी तो विकण्यासाठी मागितलेली किंमत, मग नसलेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट निघाली. वस्तू ताब्यात येताच तिचे मोल वाढते. जोआन पेक आणि सुझन शू यांनी २००९ मध्ये दाखवले की, वस्तूला नुसता हात लावला तरी मालकीची भावना बळावते. स्पर्श शक्य नसेल तेव्हा तो मनात कल्पिण्यानेही काही प्रमाणात तोच परिणाम होतो. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचोन आणि डॅन एरियली यांच्या २०१२च्या अभ्यासात स्वतः जोडलेली खोकी आणि स्वतः घड्या घालून केलेल्या कागदी आकृत्या लोकांना अधिक मोलाच्या वाटल्या.

या विषयाशी सर्वांत थेट भिडणारे संशोधन ओझगुन अतासॉय आणि कॅरी मोरवेज यांचे आहे. ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. बॉस्टनमध्ये अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातील पॉल रिव्हिअरचा वेश केलेल्या नटाबरोबर पर्यटकांची छायाचित्रे काढली गेली. काहींना छापील प्रत दिली, काहींना डिजिटल, आणि मोबदला म्हणून मनाला येईल ती रक्कम द्यायला सांगितले. छापील प्रत मिळालेल्यांनी जास्त पैसे दिले. पुस्तके आणि चित्रपटांबाबतही हाच कल दिसला. वस्तू विकत घेण्याऐवजी भाड्याने घ्यायची असेल, तर छापील आणि डिजिटल यांच्या मोलातला हा फरक नाहीसा होई. म्हणजे डिजिटल वस्तू कमी उपयोगी म्हणून स्वस्त वाटत नाही; ती पुरती आपली झाल्यासारखी वाटत नाही, म्हणून तिचे मोल घटते. डिजिटल गेमचे समाधान वाढवायचे तर उपाय नेमका इथेच करावा लागतो.

हातातून काय सुटले

खोक्यातल्या गेमबरोबर अनेक गोष्टी आपसूक मिळत. पहिली म्हणजे उघडण्याचा सोहळा. वरचे प्लॅस्टिक फाडणे, नव्या छपाईचा वास, घरी जाताना बसमध्येच वाचून काढलेली माहितीपुस्तिका. गेम सुरू होण्याआधीच ओळख सुरू झालेली असे.

काही कंपन्यांनी खोक्यातल्या या ऐवजाला गेमचाच भाग केले. अमेरिकेच्या इन्फोकॉम कंपनीचा ‘डेडलाइन’ हा शब्दांतून खेळायचा रहस्यगेम १९८२ मध्ये आला. त्या काळच्या फ्लॉपीवर सगळा मजकूर मावेना. म्हणून पोलिसांनी घेतलेल्या जबान्या, प्रयोगशाळेचा अहवाल आणि घटनास्थळी सापडलेल्या गोळ्यांची पुडी खोक्यात घालून दिली गेली. त्याच वर्षी रिचर्ड गॅरियट यांच्या ‘अल्टिमा २’ बरोबर कापडावर छापलेला नकाशा आला. टेबलावर पसरलेला तो नकाशा पाहत खेळणाऱ्याला त्या कल्पित जगाचा कागदोपत्री पुरावाच हाती असल्यासारखे वाटे.

दुसरी गोष्ट जागेची. कपाटातला गेम येताजाता दिसतो, पाहुण्यांच्या नजरेस पडतो, संभाषणाला निमित्त होतो. यंत्र बंद केले की डिजिटल गेम दिसेनासा होतो. तिसरी गोष्ट खुणांची. मराठी घरांत नवे पुस्तक आणले की पहिल्या पानावर नाव, गाव आणि तारीख घालण्याची पद्धत आहे. भेट असेल तर देणाऱ्याचे दोन शब्दही असतात. त्या ओळींमुळे हजारो प्रतींतली एक प्रत त्या घराची होते. गेमच्या कॅसेटवरही मुले स्केचपेनने नाव लिहीत. डिजिटल प्रतीला अशी खूण नसते. लाखो खात्यांतला तोच गेम अक्षरशः सारखा असतो.

चौथी गोष्ट देण्याघेण्याची. उसना देणे, भावंडाला सोपवणे, कंटाळा आल्यावर विकून नवा घेणे, हे सगळे मालकाचेच अधिकार. ते किती मोलाचे आहेत, हे २०१३ मध्ये दिसले. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी डिस्कच्या पुनर्विक्रीवर आणि उसनवारीवर बंधने आणण्याचे ठरवले होते. ग्राहकांचा विरोध इतका तीव्र होता की, यंत्र बाजारात येण्यापूर्वीच, जून महिन्यात, कंपनीने ती मागे घेतली.

विपुलतेचा परिणाम

असमाधानाचे आणखी एक कारण खरेदीच्या गतीत आहे. डिजिटल दुकानांचे मोठे सेल, २०१० पासून निघालेल्या हंबल बंडलसारख्या गठ्ठाविक्री योजना, एपिक गेम्स स्टोअरने २०१८ च्या अखेरीपासून सुरू केलेले मोफत गेम, यांमुळे खेळण्याच्या वेगापेक्षा घेण्याचा वेग कितीतरी वाढला. न खेळलेल्या गेमची रास साठत जाते. खेळणारे तिला ‘बॅकलॉग’ म्हणतात. पिअर्स आणि सहकाऱ्यांच्या निकषांवर पाहिले तर अशा गेमशी निकटची ओळख नाही आणि त्यात स्वतःची भरही नाही. अशी यादी लांबत जाते तसे समाधान वाढण्याऐवजी पातळ होते.

वाट पाहण्याचे मोल एका वेगळ्या क्षेत्रातल्या प्रयोगातून दिसते. विल्यम ओडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फोटोबॉक्स’ नावाची एक लाकडी पेटी बनवली. घरातल्यांच्या ऑनलाइन छायाचित्रांच्या हजारोंच्या संग्रहातून ती महिन्याला चार-पाच छायाचित्रे स्वतःच निवडून छापत असे. कधी आणि कोणती, ते कोणाला ठरवता येत नसे. तीन कुटुंबांनी ती १४ महिने वापरली. सुरुवातीच्या वैतागानंतर त्यांनी हा संथपणा स्वीकारला आणि विसरलेल्या छायाचित्रांकडे नव्याने पाहिले. संग्रह मोठा असला तरी लक्ष एकेका गोष्टीवर ठरले, तर त्याची गोडी परत येते.

दुकानांनी शोधलेले उपाय

ऑनलाइन दुकानांनी पहिला प्रयत्न केला तो पराक्रमाच्या नोंदीचा. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० बरोबर ‘अचीव्हमेंट’ आली: ठरावीक कामगिरी केली की खात्यावर कायमची खूण उमटते. २००८ मध्ये प्लेस्टेशनने ट्रॉफी आणल्या. कपाटातल्या पुस्तकाची दुमडलेली पाने जे सांगतात, तेच या खुणा सांगतात: हा गेम इथे खेळला गेला आहे. खेळाचे एकूण तास आणि शेवटचा खेळलेला दिवस यांचीही नोंद राहते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील ओडम, जॉन झिमरमन आणि जोडी फोर्लिझी यांनी २०११ मध्ये किशोरवयीन मुलांच्या डिजिटल ऐवजाचा अभ्यास केला. मित्रांच्या प्रतिक्रिया आणि नोंदी जडत गेल्या की साध्या छायाचित्राचेही मोल वाढते, असे त्यात आढळले. गेमच्या इतिहासाचेही तसेच आहे.

दुसरा प्रयत्न मांडणीचा. २०१९ मध्ये स्टीमने आपली लायब्ररी नव्याने रचली. नुसत्या नावांच्या यादीऐवजी उभ्या चित्रांच्या फळ्या आल्या. स्वतःचे गट करता येऊ लागले आणि गेमचे चित्र बदलून आवडीचे लावता येऊ लागले. त्यासाठी हौशी चित्रकारांनी काढलेल्या कव्हरांचा मोठा साठा स्टीमग्रिडडीबीसारख्या ठिकाणी जमला आहे. आपल्या हाताने लावलेली फळी आणि दुकानाने लावलेली फळी यांतला फरक लहान दिसतो, पण नियंत्रण आणि स्वतःची भर या दोन्ही वाटा त्यातून उघडतात.

तिसरा प्रयत्न संग्रहाच्या हौसेचा. २०१३ मध्ये स्टीमने ट्रेडिंग कार्डे आणली. गेम खेळताना चित्रांची कार्डे मिळत, बाकीची इतरांशी देवघेव करून मिळवायची आणि संच पुरा झाला की बिल्ला तयार करायचा. या योजनेतून एक धडाही मिळाला. कार्डे विकून पैसे मिळतात म्हणून नावापुरते बनावट गेम निघू लागले आणि २०१७ मध्ये व्हॉल्व्हला नियम बदलावे लागले. खऱ्या खेळाशी नाते नसलेले बक्षीस मालकीची भावना देत नाही.

चौथा आणि सर्वांत अर्थपूर्ण प्रयत्न उसनवारी परत आणण्याचा. सप्टेंबर २०२४ पासून स्टीमच्या कुटुंब योजनेत सहा जणांना एकमेकांचे बरेचसे गेम खेळता येतात. मात्र एकाच प्रतीवर एका वेळी एकच जण खेळू शकतो, घरातल्या एकुलत्या पुस्तकासारखे. निन्टेंडोने एप्रिल २०२५ च्या अखेरीस ‘व्हर्च्युअल गेम कार्ड’ आणले. डिजिटल गेम पडद्यावर कार्डाच्या रूपात दिसतो, एका यंत्रातून काढून दुसऱ्यात घालता येतो आणि कुटुंबगटातल्या व्यक्तीला दोन आठवड्यांसाठी देता येतो. मुदत संपली की तो आपोआप परत येतो. दिल्यावर आपल्याजवळ राहत नाही, म्हणूनच तो दिल्यासारखा वाटतो. वस्तूचा हा गुण डिजिटल गेममध्ये जाणीवपूर्वक परत आणलेला आहे.

बनवणाऱ्यांच्या हातात काय आहे

गेमची ओळख खोल करणारे साहित्य बनवणाऱ्यांकडेच असते. संगीताच्या स्वतंत्र फाइल, चित्रांचे पुस्तक, छापण्याजोगी माहितीपुस्तिका आणि नकाशे गेमबरोबर दिले, तर खोक्यातल्या ऐवजाची बरीच भरपाई होते. व्हॉल्व्हने २००५ मध्ये ‘हाफ-लाइफ २: लॉस्ट कोस्ट’मध्ये निर्मात्यांचे निवेदन गेमच्या आतच ऐकण्याची सोय केली. डिजिटल एक्लिप्सचे ‘अटारी ५०’ (२०२२) आणि ‘द मेकिंग ऑफ कराटेका’ (२०२३) यांत जुने गेम, मुलाखती, आराखडे आणि कागदपत्रे एकत्र गुंफून पडद्यावरचे संग्रहालयच उभे केले आहे. अँड्र्यू शोल्डिस यांच्या ‘ट्यूनिक’ (२०२२) या गेममध्ये तर जुन्या पद्धतीची माहितीपुस्तिका पानापानाने शोधून जमवावी लागते. पुस्तिका उलगडणे हाच तिथे खेळ आहे.

खेळणाऱ्याला भर घालू देणे, ही दुसरी मोठी गोष्ट. ‘माइनक्राफ्ट’मध्ये बांधलेले गाव किंवा ‘स्टारड्यू व्हॅली’त कसलेले शेत दुसऱ्या कोणाकडे तसेच नसते. ‘स्कायरिम’सारख्या गेमना हौशी लोकांनी केलेल्या फेरबदलांनी, म्हणजे मॉडनी, वर्षानुवर्षे ताजे ठेवले आहे. मात्र ही भर खेळणाऱ्याच्या हाती राहायला हवी. सेव्ह फाइल बाहेर काढून जपता आली आणि ती नव्या यंत्रावर नेता आली, तरच शेकडो तासांचे श्रम सुरक्षित राहतात.

तिसरी गोष्ट शेवटाचे नियोजन. ‘नॉकआउट सिटी’ हा ऑनलाइन गेम जून २०२३ मध्ये बंद झाला. तेव्हा तो बनवणाऱ्या व्हेलन स्टुडिओजने संगणकासाठी एक मोफत आवृत्ती दिली, तिच्यात खेळणाऱ्यांना स्वतःचा सर्व्हर चालवता येतो. कंपनीने दुकान आवरले, पण गेम लोकांकडे राहिला.

खेळणाऱ्याने करायच्या गोष्टी

पहिला उपाय संग्रह आटोपशीर करण्याचा. मनापासून आवडलेल्या दहा-वीस गेमचा वेगळा गट करून तोच समोर ठेवावा आणि बाकीचे नजरेआड करावेत. हवा असलेला गेम काही आठवडे विशलिस्टमध्ये थांबवला, हातातला संपवून मगच घेतला, तर वाट पाहण्याचा आनंद परत मिळतो.

दुसरा उपाय नाव घालण्याचा. एका वहीत प्रत्येक गेमला एक पान द्यावे: कधी घेतला, कोणी सुचवला, कुठे अडले, कोणाबरोबर खेळला, शेवट कसा वाटला. गेममधली स्वतः टिपलेली दोन चित्रे छापून तिथे चिकटवावीत. पुस्तकाच्या पहिल्या पानावरच्या ओळींचे काम हे पान करते.

तिसरा उपाय डिजिटल प्रतीला शरीर देण्याचा. डीव्हीडीच्या रिकाम्या डब्यात २७३ बाय १८३ मिलिमीटरचा कागद बरोबर बसतो. आवडत्या गेमचे कव्हर त्या मापात छापून, आत संगीताची सीडी, नकाशा किंवा सेव्ह फाइलचा पेनड्राइव्ह ठेवला की कपाटात एक खरी वस्तू येते. याहून पुढची युक्ती एनएफसी कार्डांची. मेट्रोच्या कार्डात असते तशी छोटी चीप कागदी किंवा प्लॅस्टिकच्या कार्डात बसवतात, वर गेमचे चित्र छापतात आणि चीपमध्ये त्या गेमची ओळख लिहितात. ती काही सेंटिमीटरवरून वाचली जाते. संगणकाला जोडलेल्या वाचकयंत्रावर कार्ड टेकवले की गेम सुरू होतो. झापारू नावाचा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प हेच काम करतो. गेम कार्डात नसतो, पण गेम निवडण्याची क्रिया पुन्हा हाताने होते. कार्ड उचलणे, चित्र पाहणे, जागेवर ठेवणे यातून स्पर्श परत येतो.

फार आवडलेल्या गेमची खोक्यातली आवृत्ती घेणे हाही मार्ग आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या लिमिटेड रन गेम्ससारख्या कंपन्या मूळ डिजिटल गेमची डिस्क किंवा कार्ट्रिज मर्यादित संख्येत काढतात. अशी आवृत्ती घेताना आत पूर्ण गेम आहे की नाही, हे पाहणे गरजेचे झाले आहे. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २ साठीची काही कार्डे, म्हणजे ‘गेम-की कार्ड’, फक्त किल्लीचे काम करतात. ती विकता किंवा उसनी देता येतात, पण गेम इंटरनेटवरून उतरवावाच लागतो.

हक्काचा पाया

कव्हर, कार्डे आणि बिल्ले यांना अर्थ राहतो तो गेम चालू असेपर्यंत. मानसिक मालकीच्या तीन वाटांपैकी नियंत्रणाची वाट तुटली, तर उरलेल्या दोन वाटांवर जमवलेलेही निसटते. ‘पी.टी.’ हा भयगेम ऑगस्ट २०१४ मध्ये प्लेस्टेशनवर मोफत आला आणि एप्रिल २०१५ मध्ये दुकानातून काढून टाकला गेला. निन्टेंडोने थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांची दुकाने २७ मार्च २०२३ रोजी बंद केली. एक्सबॉक्स ३६०चे दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले. सोनीने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि व्हीटाची दुकाने मिटवण्याचे जाहीर केले होते, पण ग्राहकांच्या नाराजीनंतर तो निर्णय बदलला. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात विकत मिळत नव्हते.

सर्वांत गाजलेले प्रकरण युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’चे. २०१४ मध्ये आलेला मोटारशर्यतीचा हा गेम सतत कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि डिस्क घेतलेल्यांच्या कपाटातही निरुपयोगी चकती उरली. हातात वस्तू असणे पुरेसे नसते, हे या प्रकरणाने स्पष्ट केले. पुढच्याच महिन्यात रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. गेमचा आधार काढून घेताना तो खेळण्याजोग्या अवस्थेत सोडावा, ही तिची मागणी. युरोपीय संघाकडे दिलेल्या तिच्या नागरिक-निवेदनावर जुलै २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. युबिसॉफ्टनेही ‘द क्रू २’साठी इंटरनेटविना खेळण्याची सोय जाहीर केली.

कायदाही हळूहळू या प्रश्नाकडे वळतो आहे. फ्रान्समधील एका ग्राहक संघटनेच्या दाव्यात पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये स्टीमवरील गेम पुन्हा विकता यायला हवेत असा निर्णय दिला. २०२२ मध्ये अपिलात तो फिरवला गेला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार डिजिटल वस्तूच्या विक्रीत ग्राहकाला फक्त परवाना मिळतो, हे ठळकपणे सांगावे लागते. जी वस्तू कायमची उतरवून इंटरनेटविना वापरता येते, तिला मात्र या अटीतून सूट आहे. खरी विक्री कशाला म्हणावे, याची एक वापरण्याजोगी व्याख्याच या सवलतीत आली आहे.

त्या व्याख्येत बसणारी विक्री आजही होते. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये सुरू केलेले जीओजी हे दुकान नक्कलबंदीचे कुलूप नसलेले गेम विकते. त्यांची इन्स्टॉलर फाइल उतरवून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवता येते आणि पुढे दुकानाशी संबंध न ठेवता चालवता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये जीओजीने १०० गेमपासून जतन कार्यक्रमही सुरू केला. त्यातले जुने गेम नव्या संगणकांवर चालत राहतील याची जबाबदारी दुकान घेते. भारताच्या १९५७च्या प्रताधिकार कायद्यातील कलम ५२ नुसार, संगणक प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला ती हरवू किंवा खराब होऊ नये म्हणून स्वतःच्या वापरापुरती राखीव प्रत करता येते. अशी प्रत दोन वेगळ्या डिस्कवर ठेवून वर्षातून एकदा उघडून पाहणे, हे कपाटातली पुस्तके उन्हात घालण्यासारखेच नेमाचे काम आहे.

उपायांचा क्रम यावरून ठरतो. घेण्याआधी पाहायचे ते गेम इंटरनेटविना चालेल का, त्याची प्रत जवळ ठेवता येईल का, तो घरातल्या दुसऱ्याला देता येईल का. घेतल्यावर वेळ द्यायचा तो त्याच्याशी ओळख वाढवायला आणि स्वतःची खूण उमटवायला. कव्हर, कार्ड आणि कपाट यांची पाळी त्यानंतर येते. या क्रमाने जमवलेला वीस गेमचा संग्रह न उघडलेल्या शेकडो गेमच्या यादीपेक्षा अधिक समाधान देतो, कारण त्यातला प्रत्येक गेम हवा तेव्हा चालतो, ओळखीचा असतो आणि त्याच्यावर खेळणाऱ्याचे नाव असते.